लग्न कुणाच्या हातचं?

२५ डिसेंबर १८७३ला पुण्यात एक लग्न लागलं. नवरदेव सीताराम जबाजी आल्हाट, नवरी राधा. राधाची आई बजूबाई ही सावित्रीबाई फुल्यांची मैत्रीण. सत्यशोधक समाज स्थापन होऊन तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. सावित्रीबाईंनी पुढाकार घेऊन हे लग्न लावून दिलं. हुंडा नव्हता, भटजी नव्हता, आणि खर्च म्हणाल तर पानसुपारीपुरता.

आज आपल्याकडे कमी खर्चातल्या लग्नाचं एक ठरलेलं चित्र आहे. पन्नास माणसं, मामाच्या शेतातलं घर, मैत्रिणींनी ओवलेल्या झेंडूच्या माळा, हातानं रंगवलेल्या पत्रिका, आजीचा शालू, आणि या सगळ्याचं रील. चित्र गोड आहे, मला आवडतं. त्याच्या मागे एक एक्सेल शीट असते आणि तिच्यात एकच प्रश्न असतो : किती वाचले? पण आल्हाटांच्या लग्नावर ज्यांनी डोळे वटारले, त्यांना कुणाचे किती पैसे वाचले याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांचा प्रश्न निराळाच होता. आम्हाला न विचारता लग्न लागलंच कसं?

त्या प्रश्नाचा जोर कळायला त्या काळातलं गावातलं लग्न डोळ्यांसमोर आणायला हवं.

‘हातानं केलेलं लग्न’ ही तेव्हा वेगळी कल्पना नव्हतीच, कारण विकत मिळणारं लग्न अस्तित्वात नव्हतं. मांडव भावकी घालायची. कुरडया, पापड, शेवया महिनाभर आधी वाड्यात वाळत पडायच्या. जात्यावर हळद दळली जायची. रुखवतात मांडलेली प्रत्येक वस्तू नवरीच्या मावश्या-आत्यांच्या बोटांतून उतरलेली असायची. शिवाय गावातली इतर कामकरी माणसं होती. कुंभार बोळकी आणायचा, बुरूड सुपं आणि टोपल्या, परीट पायघड्या घालायचा, कासार बांगड्या भरायचा, गुरव पत्रावळी द्यायचा, सुतार पाट आणि चौरंग. वाजंत्रीवाले वाजवायचे, आणि त्यांची पंगत सगळ्यांच्या शेवटी, मांडवाबाहेर बसायची. जुन्या साध्या लग्नांच्या आठवणी काढताना ही पंगत आपण सोयीनं विसरतो.

यातल्या प्रत्येकाचा लग्नात हक्क होता. कुणाचं धान्य, कुणाचा खण, कुणाचा नारळ, कुणाचे चार आणे. कुंभाराला ‘या वेळी तुझी बोळकी नकोत’ म्हणणं म्हणजे गावाचा व्यवहार मोडणं. पण कुंभार फार तर रुसला असता. गावचा जोशी कोर्टात जाऊ शकत होता.

जोशीपण हे वतन होतं. मुहूर्त सांगायचा, लग्न लावायचं आणि दक्षिणा घ्यायची हा पिढ्यान् पिढ्या चालत आलेला अधिकार, आणि तो मालमत्तेसारखा. इंग्रजी कोर्टांनी तो मालमत्तेसारखाच वागवला. १८७०च्या दशकात मुंबई उच्च न्यायालयापुढे अशी प्रकरणं आली, की यजमानानं दुसऱ्याच भटजीकडून लग्न लावून घेतलं आणि गावजोशानं आपल्या बुडालेल्या दक्षिणेसाठी दावा लावला. कोर्टानं जोशाचा हक्क मान्य केला. म्हणजे तुमच्या मुलीचं लग्न कुणी लावायचं हे तुम्ही ठरवलंत तरी पैसे द्यायचे त्यालाच, ज्याला तुम्ही बोलावलं नव्हतं. लग्नाच्या खर्चातली ही एक ओळ अशी होती, की जी कितीही काटकसर केली तरी खोडता येत नव्हती.

इथे पैशांबद्दल थोडं बोलायला हवं, कारण ‘शेतकरी लग्नापायी बुडतो’ हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलंय की ते तपासावंसं वाटत नाही. मे १८७५मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून सावकारांविरुद्ध उठाव सुरू झाले, शेतकऱ्यांनी कर्जाची कागदपत्रं जाळली. सरकारनं चौकशीला आयोग नेमला. सरकारी साहेब लोक लग्नकार्याच्या उधळपट्टीवर सगळं ढकलून मोकळे होतील अशी आपली अपेक्षा असते. आयोगानं उलट लिहिलं. लग्नखर्चाला कर्जाचं कारण म्हणून अवास्तव महत्त्व दिलं जातं. ऐपतीच्या मानानं हा खर्च जास्त असतो हे खरं, पण असे प्रसंग क्वचित येतात. कुणब्याचं कर्ज वाढतं ते पोटासाठी, बियाण्यासाठी, बैलांसाठी आणि सरकारी साऱ्यासाठी पुन्हा पुन्हा घ्याव्या लागणाऱ्या लहानसहान उचलींनी.

मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. गरिबानं लग्नात आठ दिवस आनंद केला तर त्यात गुन्हा नाही, हे त्यात कबूल आहे. जोतीराव फुल्यांनी १८८३मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला, त्यात जन्मापासून मरणापर्यंत आणि मरणानंतरही शेतकऱ्याकडून दक्षिणा कशी उकळली जाते याचा पाढाच आहे. पण त्यांचा राग शेतकऱ्याच्या हौसेवर नाही. पैसे कुठे जातात आणि त्या बदल्यात काय विकत घेतलं जातं, यावर आहे. त्यांच्या मते शेतकरी स्वतःचं अज्ञान आणि स्वतःचं कमीपण विकत घेत होता, तेही कर्ज काढून. (फुले हे आडनावच मुळी घराण्याच्या फुलांच्या धंद्यामुळे पडलेलं. मांडवाला फुलं किती लागतात आणि त्यांचे पैसे कुणाला मिळतात, हे त्या घराला चांगलं ठाऊक असणार.)

आल्हाटांच्या लग्नानंतर सुमारे साडेचार महिन्यांनी, ७ मे १८७४ला, दुसरं सत्यशोधक लग्न झालं : ज्ञानोबा ससाणे आणि काशीबाई. या वेळी विरोध करणारे सावध होते आणि लग्न होऊ नये म्हणून खटपटी झाल्या, तरी ते लागलं. पुढे हे लोण पुण्याबाहेर गेलं. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला १८८४मध्ये बाळाजी कुसाजी पाटील यांनी आपल्या घरचं कार्य गावजोशाला न बोलावता उरकलं. जोशांनी दावा ठोकला. खटला वर्षानुवर्षं चालला आणि मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. दक्षिणा वाचवायची म्हणून कुणी हा उद्योग करत नाही. वकिलाच्या एका फेरीत दक्षिणेच्या कितीतरी पट पैसे गेले असतील. पाटलांना ती दक्षिणा द्यायची नव्हती एवढंच नाही, ती मागण्याचा कुणाला हक्क आहे हेच त्यांना मान्य नव्हतं.

या भांडणावर विधिमंडळानं पडदा टाकला तो थेट १९२६मध्ये. मुंबई प्रांतात त्या साली कायदा झाला, की ज्या पुरोहिताला बोलावलंच नाही त्याचं यजमान काही देणं लागत नाही. पहिल्या सत्यशोधक लग्नानंतर ५३ वर्षांनी. ज्यांना हा कायदा किरकोळ वाटेल त्यांनी आपल्या घरातल्या १९२६च्या आधीच्या लग्नांची यादी करून बघावी.

भटजी नको म्हटल्यावर पुढचा प्रश्न आलाच, मग म्हणायचं काय? इथे सत्यशोधकांचं काम मला सगळ्यात जास्त ‘हातचं’ वाटतं. १८८७मध्ये जोतीरावांनी मंगलाष्टकांसह पूजाविधींची पुस्तिका छापली. लग्न कसं लावायचं हे कुणालाही वाचून करता यावं, अशी ती मराठीत होती. तिच्यातली मंगलाष्टकं तिसरा माणूस वधूवरांवर म्हणत नाही, वधू आणि वर एकमेकांशी बोलतात. वधू सांगते, की आम्हा बायकांना स्वातंत्र्य म्हणजे काय ते ठाऊकच नाही, तर आमचे हक्क आम्हाला देण्याची शपथ घे. आणि वर सगळ्यांसमोर तशी शपथ घेतो.

मंगलाष्टकांची चाल मोडलेली नाही, हेही बघण्यासारखं आहे. शार्दूलविक्रीडिताचा तो ओळखीचा ठेका तसाच ठेवला, म्हणजे आजीबाईंच्या कानाला लग्न लग्नासारखं वाटेल. बदलले ते शब्द. फुल्यांना माहीत होतं, की लोक विधीला चिकटून राहतात ते अर्थासाठी नाही, सवयीच्या आवाजासाठी. आज कुणी स्वतःची शपथ लिहिते तेव्हा बहुतेकदा उलट होतं. चाल नवीन, गाणं हिंदी सिनेमातलं, एन्ट्री धुरातून, आणि मधला मजकूर मात्र ‘मी तिला सुखात ठेवेन’ एवढाच.

फुल्यांच्या स्वतःच्या घरातलं लग्न झालं ४ फेब्रुवारी १८८९ला. दत्तक मुलगा यशवंत आणि हडपसरच्या ससाण्यांची राधा. लग्नाआधी सावित्रीबाईंनी राधाला घरी राहायला आणलं होतं, घरच्यांची आणि यशवंताची तिला ओळख व्हावी म्हणून. १८८९ साली! लग्नाआधी मुलीनं सासरी राहून माणसं पारखावीत, हे आजही कितीतरी घरांत बोलून दाखवायची चोरी आहे. त्या काळातली नवऱ्या मुलींची वयं आजच्या नजरेला खुपतात, या लग्नांतलीही. तरीसुद्धा मांडवाच्या खर्चात काटछाट करणाऱ्या शंभर लग्नांपेक्षा ही एक गोष्ट मला मोठी वाटते. तिला पैसे लागत नाहीत.

कायद्याचं काय? आल्हाटांच्या लग्नाच्या आदल्याच वर्षी, १८७२मध्ये, धर्मविधीशिवाय नोंदणी करून लग्न करायचा कायदा आला होता, मुख्यतः बंगालातल्या ब्राह्मो समाजाच्या मागणीमुळे. त्यात एक मेख होती. दोघांनी लिहून द्यायचं, की आम्ही हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कुठलाच धर्म मानत नाही. भटजी नको म्हणणाऱ्या मराठी शेतकऱ्याला अशा कागदावर अंगठा उठवणं कठीणच होतं. १९२३मध्ये, हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नांनी, दुरुस्ती झाली आणि हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना आपापला धर्म न नाकारता रजिस्टर लग्न करता येऊ लागलं.

त्यानंतरचं मराठीतलं सगळ्यात प्रसिद्ध स्वस्त लग्न तुम्हाला माहीत असेलच. १२ जून १९४६, रत्नागिरी. सुनीता ठाकूर आणि पु. ल. देशपांडे. लग्नाचा खर्च आठ आणे, छापील फॉर्मची किंमत, आणि तोही नवरीनं केलेला. सुनीताबाईंनी ‘आहे मनोहर तरी’मध्ये ही हकिगत लिहिली आहे, आणि ‘आठ आण्यातलं लग्न’ म्हणून ती घरोघरी सांगितली जाते. सांगताना सगळे हसतात. माझं लक्ष मात्र फॉर्म कुणी आणला याकडे जातं. आपल्या लग्नाचा कागद मुलीनं स्वतः जाऊन विकत घेणं, यात सगळं आलं.

त्याच सुमाराला गांधींच्या प्रभावातली लग्नंही होत होती, हार फुलांचे नाही तर हातानं कातलेल्या सुताचे. १९४२मध्ये अलाहाबादला इंदिरा नेहरूंचं लग्न झालं, तेव्हा त्यांनी नेसलेली खादीची साडी वडिलांनी तुरुंगात कातलेल्या सुताची होती. याहून ‘पर्सनल’ आणि ‘हँडमेड’ काय असणार!

आता जरा अप्रिय भाग. आपल्या पद्धतीनं लग्न लावण्याचा धोका असतो, आणि तो नवरा-बायकोत सारखा वाटला जात नाही.

१९६५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्या एका खटल्याचा निकाल दिला, भाऊराव शंकर लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य. पहिली बायको हयात असताना दुसरं लग्न केल्याचा आरोप होता. त्या दुसऱ्या लग्नाचं वर्णन साक्षीत आलंय. रात्री पाट मांडले, सतरंजी अंथरली, तांब्यावर विड्याची पानं आणि नारळ ठेवला, पूजा झाली, दोन हार आले, दोघांनी ते एकमेकांना घातले, कपाळाला कपाळ लावलं. गांधर्व विवाह म्हणे. भटजी नव्हता. वाचताना वाटतं, किती साधं, आजच्या कुठल्याही घरगुती लग्नासारखं. न्यायालयानं म्हटलं, होम नाही, सप्तपदी नाही, आणि त्यांच्याशिवाय लग्न लागतं अशी जुनी रूढीही सिद्ध होत नाही. गेली पाच-सात वर्षं लोक असं करतात म्हणून ती रूढी होत नाही. म्हणून हे लग्नच नव्हे. आणि लग्नच नसल्यामुळे दुसरं लग्न केल्याचा गुन्हाही नाही.

निकालाचा अर्थ असा, की पुरुष सुटला. पहिल्या बायकोची तक्रार हवेत विरली, आणि दुसरी बाई कायद्यानं कुणाचीच बायको नव्हती. पाट, तांब्या, हार सगळं खरं असून.

तामिळनाडूनं हा प्रश्न वेगळ्या प्रकारे सोडवला. पेरियारांच्या स्वाभिमान चळवळीतली पुरोहिताशिवायची लग्नं १९२८पासून होत होती, आणि १९५३मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं अशा एका लग्नाला अवैध ठरवलं, तेव्हा हजारो जोडपी टांगणीला लागली. अण्णादुराईंच्या सरकारनं १९६७मध्ये हिंदू विवाह कायद्याला त्या राज्यापुरतं ‘७-अ’ हे कलम जोडलं. नातेवाईक-मित्रांसमोर, आपल्याला कळणाऱ्या भाषेत एकमेकांचा स्वीकार केला आणि हार किंवा अंगठी घातली किंवा ताली बांधली, की लग्न झालं. आधी झालेली लग्नंही त्यात वैध झाली. सत्यशोधक विवाहाची जन्मभूमी असलेल्या महाराष्ट्रात मात्र तसं कलम नाही. फुल्यांचे पुतळे आहेत.

एप्रिल २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सांगितलं, की हिंदू विवाह कायद्याखाली विधी झालेच नसतील तर नुसत्या नोंदणीच्या प्रमाणपत्रानं लग्न होत नाही. त्या प्रकरणातलं जोडपं वैमानिक होतं, शिकलेलं, आणि विधी न करताच त्यांनी एका संस्थेकडून प्रमाणपत्र मिळवलं होतं. तेव्हा शेतातल्या घरात फुलांच्या पाकळ्या उधळून, स्वतः लिहिलेल्या शपथा म्हणून, मग ‘नंतर कधीतरी’ हिंदू विवाह म्हणून नोंदणी करू असं ज्यांनी ठरवलंय, त्यांनी इथे थांबून दोनदा वाचावं.

आपल्याला वाट आहे, आणि ती १९५४च्या विशेष विवाह कायद्यात आहे. आपण या कायद्याला ‘कोर्ट मॅरेज’ म्हणतो आणि डोळ्यांसमोर येतं कळकट ऑफिस, डुगडुगणारं टेबल, शाई संपलेलं स्टॅम्प पॅड. (ते सगळं असतंच.) पण कलम १२ फारच थोड्या लोकांनी वाचलेलं असतं. लग्न दोघांना पसंत असेल त्या कोणत्याही पद्धतीनं लावता येईल, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. अट एवढीच, की विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर दोघांनी, आपल्याला समजणाऱ्या भाषेत, मी तुला माझा कायदेशीर नवरा, माझी कायदेशीर बायको म्हणून स्वीकारते, स्वीकारतो, असं म्हणायचं. ऑफिसातच यायला हवं असंही नाही. वाजवी अंतरावर असेल तर जास्तीचं शुल्क भरून अधिकाऱ्याला मांडवात बोलावता येतं. म्हणजे १८८७ची मंगलाष्टकं म्हणा, सुताचे हार घाला, आजीला हवी ती ओवी म्हणू द्या. मधली ती दोन वाक्यं तेवढी म्हणायची.

या वाटेवरही काटा आहेच, तीस दिवसांच्या नोटिशीचा. नावं-पत्ते ऑफिसात लागतात आणि कुणीही वाचू शकतं. ज्यांच्या घरी सगळं ठीक आहे त्यांच्यासाठी ती फक्त एक तारीख. जातीबाहेर किंवा धर्माबाहेर लग्न करणाऱ्या मुलीसाठी ते तीस दिवस कसे जातात, ते तिला आणि तिला लपवून ठेवणाऱ्या मैत्रिणीला विचारा. ओतूरच्या जोशांचा दावा संपला, पण ‘आम्हाला न विचारता?’ हा प्रश्न नोटीस बोर्डापाशी अजून उभा आहे.

ज्यांना हे करता येण्यासारखं आहे त्यांच्यासाठी हिशोब सोपा. दोघांपैकी एकानं त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस राहिलेलं असावं. वय मुलीचं १८ पूर्ण, मुलाचं २१. नोटीस लागल्यावर तीस दिवस थांबायचं, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत लग्न लावायचं, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. येत्या २५ डिसेंबरचा बेत असेल तर नोटीस नोव्हेंबरच्या मध्याआधी जायला हवी. फॉर्म आणायला कोण जाणार, ते दोघांनी ठरवा.